‘सखाराम बाइंडर’मधील तोंडी करार आणि अविवाहित सहजीवनातील मालमत्तेचा प्रश्न : कुंभारीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

विजय तेंडुलकर यांचे ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ मध्ये कमलाकर सारंग यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. निळू फुले यांचा सखाराम आणि लालन सारंग यांची चंपा यांमुळे ते गाजले. त्याहून अधिक गाजला तो त्याच्याभोवती उठलेला वाद. हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. त्यामुळे या नाटकावरील मराठी समीक्षा दीर्घकाळ दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली. नाटक अश्लील आहे काय, हा पहिला प्रश्न. आणि माणसातील हिंसा व वासना यांचे तेंडुलकरांनी केलेले चित्रण कितपत खरे आहे, हा दुसरा. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. परंतु नाटकाच्या आरंभीच प्रेक्षकांसमोर मांडल्या जाणाऱ्या एका गोष्टीकडे या चर्चेत पुरेसे लक्ष गेले नाही. ती गोष्ट म्हणजे सखारामने घरात येणाऱ्या स्त्रीला घातलेल्या अटी.

या अटी म्हणजे विवाह न करता एकत्र राहणाऱ्या दोन प्रौढ व्यक्तींमधील तोंडी करार होय. अशा सहजीवनाला कायद्याने मान्यता द्यावी काय, आणि त्यातील घर, पैसा व श्रम यांची वाटणी कोणत्या तत्त्वावर करावी, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत संसद, न्यायालये आणि राज्य शासने यांच्यासमोर वारंवार आला आहे. प्रस्तुत लेखात या नाटकाचे वाचन त्या प्रश्नाच्या संदर्भात केले आहे. तसेच हा प्रश्न केवळ महानगरांतील सुशिक्षित तरुणांचा नाही, हे स्पष्ट करण्यासाठी सोलापूर जिल्ह्यातील कुंभारी येथील कामगार वसाहतींचा विचार केला आहे.

सखारामच्या कराराचे स्वरूप

सखाराम हा छापखान्यात बाइंडिंगचे काम करणारा माणूस. नवऱ्याने टाकलेल्या किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या स्त्रियांना तो आपल्या घरी आणतो. नाटकात प्रवेश करणारी लक्ष्मी ही अशी सातवी स्त्री आहे. घर दाखवतानाच तो तिला अटी सांगतो. तिने घरकाम करावे, त्याच्या शिस्तीत राहावे आणि त्याच्याशी बायकोप्रमाणे वागावे. मोबदल्यात तिला अन्न, वस्त्र आणि निवारा मिळेल. एकमेकांचा कंटाळा आला की संबंध संपेल आणि तिला जायचे असेल त्या गावापर्यंतची व्यवस्था तो करून देईल.

सखारामला स्वतःच्या या सरळपणाचा अभिमान आहे. विवाहसंस्थेत जे दांभिकपणे घडते ते आपण उघडपणे करतो, अशी त्याची धारणा दिसते. या धारणेत तथ्य आहे, म्हणूनच हे पात्र प्रेक्षकाला अस्वस्थ करते. मात्र करार म्हणून या अटींची तपासणी केली असता त्यांतील चार उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव अशी की, अटी एकाच बाजूने ठरतात. लक्ष्मीला नकार देण्याचे स्वातंत्र्य नावापुरते आहे, कारण नकारानंतर जाण्यासाठी तिला दुसरे घर नाही. दुसरी, संबंध संपल्याचे कोणी ठरवावयाचे हे शब्दांत परस्परांवर सोडलेले असले तरी प्रत्यक्षात तो निर्णय सखारामच घेतो. तिसरी, तिच्या श्रमांचा हिशेब कोठेच होत नाही. रोजचे अन्न हाच त्यांचा पूर्ण मोबदला ठरतो आणि निघताना काहीही साचलेले नसते. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची उणीव म्हणजे घर शेवटपर्यंत सखारामचेच राहते. ज्या घरात ती राबली, त्या घरात तिचा कसलाही हक्क निर्माण होत नाही.

नाटकाचा उत्तरार्ध या चौथ्या उणिवेतून आकार घेतो. लक्ष्मी पुतण्याकडे जाते. तेथून हाकलली जाते आणि सखारामच्या दारात परत येते. तोवर तेथे चंपा आलेली असते. नोकरी गेलेल्या फौजदाराची ही बायको नवऱ्याच्या छळाला कंटाळून बाहेर पडलेली आहे. एका घरात दोन स्त्रिया आणि दोघींपैकी एकीचाही त्या घरावर अधिकार नाही. चंपाचे दाऊदशी असलेले संबंध लक्ष्मी सखारामला सांगते आणि चंपाचा खून होतो. या घटनाक्रमाचा अर्थ मत्सर, धार्मिकता किंवा पुरुषी अहंकार यांच्या आधारे लावता येतो, आणि तसा तो लावला गेला आहे. परंतु निवाऱ्याच्या हक्काचा अभाव हे त्यामागील भौतिक कारण लक्षात घेतल्याशिवाय लक्ष्मीचे वर्तन पुरते उलगडत नाही. तिला सखाराम हवा आहे, त्याचप्रमाणे तिला छप्परही हवे आहे.

लक्ष्मीची दृष्टी आणि कायद्याची दृष्टी

लक्ष्मी सखारामच्या अटी मान्य करते, पण त्या संबंधाकडे ती करार म्हणून पाहत नाही. मनाने ती त्याला नवरा मानते. म्हणजे एकाच संबंधाचे दोन अर्थ नाटकात समोरासमोर उभे राहतात. सखारामच्या दृष्टीने तो व्यवहार आहे. लक्ष्मीच्या दृष्टीने तो विवाह आहे. भारतीय कायद्याने या दोहोंपैकी कोणती दृष्टी स्वीकारली, याचा शोध घेतल्यास उत्तर काहीसे अनपेक्षित मिळते. कायद्याने लक्ष्मीची दृष्टी स्वीकारली. आणि तरीही लक्ष्मीला मात्र संरक्षण दिले नाही.

दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांचा विवाह झाला असावा, असे गृहीत धरण्याचे तत्त्व भारतीय न्यायालये फार पूर्वीपासून मानत आली आहेत. बद्री प्रसाद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सुमारे पन्नास वर्षांच्या सहवासाला हेच तत्त्व लागू केले. येथे मान्यता मिळते ती विवाहाला. अविवाहित सहजीवनाला नव्हे. संबंध विवाहच होता असे मानले तरच त्याला फळ मिळते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने पुढचे पाऊल टाकले. त्यात ‘विवाहसदृश संबंध’ हा शब्दप्रयोग आला आणि अशा संबंधातील स्त्रीला संरक्षण, आर्थिक साहाय्य व सामायिक घरात राहण्याचा हक्क मिळाला. मात्र हा हक्क वास्तव्याचा आहे, मालकीचा नाही. पुढे वेलुसामी प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने विवाहसदृश संबंधाच्या कसोट्या सांगितल्या. जोडप्याने समाजात पतिपत्नीप्रमाणे वावरलेले असावे, दोघे सज्ञान असावेत, पुरेसा काळ स्वेच्छेने एकत्र राहिलेले असावेत आणि दोघेही कायदेशीर विवाहास पात्र, म्हणजेच अविवाहित असावेत. याच निकालात ‘ठेवलेली बाई’ या अर्थाचा शब्द वापरला गेला आणि त्याला तत्कालीन अतिरिक्त सॉलिसिटर जनरल इंदिरा जयसिंग यांनी न्यायालयातच आक्षेप घेतला होता.

या कसोट्या सखारामच्या घराला लावून पाहाव्यात. लक्ष्मी टाकलेली आहे, घटस्फोटित नाही. चंपाचा नवरा जिवंत आहे. चौथ्या कसोटीवर दोघीही अनुत्तीर्ण ठरतात. ज्या स्त्रियांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे, त्याच या व्याख्येबाहेर राहतात. इंद्रा सर्मा प्रकरणात (२०१३) पुरुष विवाहित असल्याचे माहीत असूनही त्याच्यासोबत राहिलेल्या स्त्रीला न्यायालयाने या कायद्याचा लाभ नाकारला. परंतु अशा स्त्रियांची दुर्दशा मान्य करून संसदेने कायदा करावा, अशी अपेक्षाही व्यक्त केली. तसा सर्वंकष केंद्रीय कायदा अद्याप झालेला नाही.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्रात हा प्रश्न नवा नाही. पाट, मोहतूर, गंधर्व, काडीमोड, सोडचिठ्ठी हे शब्दच सांगतात की विवाह, विभक्त होणे आणि पुन्हा संसार मांडणे यांच्या अनेक रीती येथील समाजात रूढ होत्या. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ याने रूढीनुसार होणारा घटस्फोट कायम ठेवला, पण ती रूढी सिद्ध करण्याचे ओझे तिचा आधार घेणाऱ्यावर टाकले. भाऊराव लोखंडे प्रकरणात (१९६५) गंधर्व पद्धतीने झालेल्या दुसऱ्या विवाहात आवश्यक विधी झाले नाहीत, म्हणून तो विवाहच नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले आणि द्विभार्या प्रतिबंधाच्या गुन्ह्यातून पुरुष सुटला. यमुनाबाई आढाव प्रकरणात (१९८८) पहिली पत्नी असताना लग्न केलेल्या स्त्रीला फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी नाकारण्यात आली. दोन्ही निकाल एकत्र वाचले असता दिसते की, विधींच्या अभावाचा फायदा पुरुषाला मिळतो आणि विवाह अवैध असल्याचा तोटा स्त्रीला सोसावा लागतो.

मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने भाऊसाहेब मगर प्रकरणात अशा स्त्रीसाठी ‘अनौरस पत्नी’ आणि ‘एकनिष्ठ रखेल’ या आशयाचे शब्द वापरले होते. सुखदेव सिंग प्रकरणात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने या शब्दांवर स्त्रीद्वेष्टे म्हणून कठोर टीका केली. विवाह शून्य ठरला तरी हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम २५ खाली कायम निर्वाह देता येतो, असेही स्पष्ट केले. हा निकाल स्वागतार्ह आहे. परंतु त्यासाठी निदान विवाहाचा विधी तरी झालेला असावा लागतो. सखाराम आणि लक्ष्मी यांच्यात तोही झालेला नाही.

न्यायमूर्ती मलिमथ समितीच्या २००३ मधील शिफारशीला अनुसरून २००८ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कलम १२५ मधील ‘पत्नी’ या शब्दाची व्याप्ती वाढवून, पुरुषासोबत पत्नीप्रमाणे वाजवी काळ राहिलेल्या स्त्रीचा समावेश करण्याचा प्रस्ताव मान्य केला होता. त्या वेळी त्यावर मोठे वादंग झाले. त्याचे रूपांतर कायद्यात झाले नाही. आता त्या कलमाची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मधील कलम १४४ मध्येही ही व्याप्ती आलेली नाही.

कुंभारी : घर कोणाच्या नावावर?

आतापर्यंतची चर्चा पुरुषाच्या घरात राहणाऱ्या स्त्रीविषयी होती. घर स्त्रीचे असेल तर काय होते, हे पाहण्यासाठी दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारीइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. विडी वळणे हा सोलापुरातील हजारो स्त्रियांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रोजगार. या महिला विडी कामगारांसाठी कुंभारी येथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्थेमार्फत १०,००० घरांची वसाहत उभी राहिली. नरसय्या आडम यांनी त्यासाठी दीर्घ लढा दिला आणि २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वितरण झाले. पुढे असंघटित कामगारांसाठी कुंभारीतच ‘रे नगर’ हा ३०,००० घरांचा प्रकल्प प्रधानमंत्री आवास योजनेखाली हाती घेण्यात आला. त्यातील सुमारे १५,००० घरांचे लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते झाले.

सखारामच्या अटींचा पाया असा होता की घर पुरुषाचे असते. कुंभारीने तो पाया हलविला. मात्र वारसा कायदा आणि गृहनिर्माण योजना यांची रचना जुन्याच गृहीतकावर उभी आहे. एक काल्पनिक, परंतु कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी शक्य असे उदाहरण घेता येईल. समजा, नवऱ्याने वीस वर्षांपूर्वी टाकलेली एक हिंदू विडी कामगार स्त्री स्वतःच्या घरात दुसऱ्या पुरुषासोबत राहते. कायदेशीर घटस्फोट झालेला नाही. घराच्या कर्जाचे हप्ते दोघांनी मिळून फेडले. मृत्युपत्र न करता तिचा मृत्यू झाला. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम १५ नुसार तिच्या मुलांबरोबर वारस ठरेल तो तिला टाकून गेलेला नवरा. मुले व नवरा दोन्ही नसतील तर नवऱ्याचे वारस पुढे येतील आणि तिच्या आईवडिलांचा क्रमांक त्यांच्यानंतर लागेल. ज्याने हप्ते भरले आणि तिच्या आजारपणात सेवा केली, त्या सोबत्याचे नाव या यादीत कोठेही नाही.

हे केवळ तर्काचे उदाहरण नव्हे. ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण या प्रकरणात (२००९) लग्नानंतर अल्पावधीतच विधवा झालेल्या आणि सासरहून घालविलेल्या स्त्रीने माहेरच्या आधाराने शिकून, नोकरी करून मिळविलेली मालमत्ता सर्वोच्च न्यायालयाने कलम १५ च्या आधारे सासरच्या वारसांना दिली. सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती.

सहकारी संस्थेत नामनिर्देशन केले की प्रश्न मिटतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालमत्ता वारसांच्या वतीने सांभाळते. मालक होत नाही. भागभांडवलाच्या संदर्भात शक्ती येझदानी प्रकरणात (२०२३) सर्वोच्च न्यायालयाने नामनिर्देशनाचा हाच अर्थ पुन्हा अधोरेखित केला. आवास योजनेतही ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि अविवाहित मुले अशी व्याख्या आहे. अविवाहित जोडीदार तिच्यात बसत नाही.

लेखी कराराच्या शक्यता व मर्यादा

तोंडी करार दुबळा ठरतो, तर लेखी करार करावा, हा उपाय सहज सुचतो. सखाराम रंगमंचावर आला त्याच दशकात गुजरातमध्ये ‘मैत्री करार’ प्रचलित झाले होते. बहुधा विवाहित पुरुष आणि दुसरी स्त्री यांच्यात ते होत. कागद होता, सह्या होत्या. पण त्यामागे कायद्याचे बळ नव्हते.

यामागील अडचण भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३ मध्ये आहे. ज्याचा मोबदला किंवा उद्देश अनैतिक आहे असा करार शून्य ठरतो. मात्र न्यायालयांनी येथे एक उपयुक्त भेद केला आहे. नागरत्नम्बा प्रकरणात (१९६७) पूर्वीचा सहवास हा मालमत्ता देण्यामागील हेतू असू शकतो, तो मोबदला ठरत नाही, म्हणून तेवढ्यावरून हस्तांतरण अवैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्विन प्रकरणात (१९७६) याच स्वरूपाचा विचार अधिक पुढे नेला. शरीरसंबंध हाच ज्याचा मोबदला आहे तेवढा भाग वगळून, अविवाहित जोडीदारांमधील मालमत्तेचा करार अंमलात आणता येतो, असे तत्त्व तेथे मांडले गेले. फ्रान्सने १९९९ मध्ये विवाहाहून वेगळा असा नोंदणीकृत सहजीवन करारच कायद्यात आणला.

आजच्या भारतीय कायद्यातही काही मार्ग उपलब्ध आहेत. सहवासाच्या अटी आणि मालमत्तेच्या अटी एकाच कागदावर लिहू नयेत, हे पहिले पथ्य. दोघांच्या पैशाने घर घेतले असेल तर खरेदीखतात दोघांची नावे व हिस्से नमूद करावेत. हिस्से लिहिलेले नसल्यास मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ४५ प्रमाणे ज्याने जितकी रक्कम दिली तितका त्याचा हिस्सा, आणि पुरावा नसल्यास समान हिस्सा मानला जातो. नोटरीपुढे केलेल्या स्टॅम्पपेपरने घराची मालकी मिळत नाही. त्यासाठी नोंदणीकृत दस्त लागतो. याउलट मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही आणि नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदारांची साक्षांकित सही पुरते. कुंभारीतील उदाहरणातील स्त्रीसाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी दस्त हाच आहे.

तरीही कायदा ठिकठिकाणी अडथळे उभे करतो. पत्नीच्या नावे ज्ञात उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता बेनामी कायद्यातून वगळलेली आहे. विवाह न झालेल्या जोडीदारासाठी अशी सूट नाही. महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले यांना राहते घर बक्षीस देताना मुद्रांक शुल्कात मोठी सवलत मिळते. जोडीदाराला पूर्ण शुल्क भरावे लागते. प्रामाणिकपणे सोबत्याला हक्क देऊ पाहणाऱ्याला कायदा अधिक खर्च आणि अधिक संशय यांचा दंड करतो.

आक्षेपांचा विचार

अशा मान्यतेविरुद्ध एक गंभीर आक्षेप घेतला जातो. विवाहित पुरुषाच्या दुसऱ्या संबंधाला मान्यता दिली तर पहिल्या पत्नीवर अन्याय होईल. हा आक्षेप खरा आहे आणि तो नैतिकतेच्या नावाखाली झटकून टाकता येणार नाही. परंतु त्याचे उत्तर दर्जाऐवजी योगदान मोजण्यात आहे. जोडीदाराने घरासाठी दिलेले पैसे आणि श्रम यांपुरता त्याचा हक्क मान्य केला, तर पहिल्या पत्नीच्या हक्काला धक्का लागत नाही. कारण तेवढा भाग मुळात पुरुषाचा नव्हताच.

दुसरा मार्ग उत्तराखंडने स्वीकारला आहे. तेथील समान नागरी संहिता २७ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. तिच्यात सहजीवनाची नोंदणी सक्तीची असून नोंद न केल्यास शिक्षेची तरतूद आहे. जोडीदाराने सोडून दिलेल्या स्त्रीला पोटगी मिळू शकते, ही तिची जमेची बाजू. मात्र दोहोंपैकी एक जण विवाहित असल्यास नोंदणी होत नाही. म्हणजे लक्ष्मी व चंपा येथेही दाराबाहेरच राहतात. शिवाय हक्क देण्याआधी पाळत ठेवणे, हा क्रमच उलटा आहे. समलिंगी जोडप्यांची स्थिती तर अधिक बिकट आहे. सुप्रियो प्रकरणात (२०२३) विवाहाचा हक्क नाकारला गेल्याने दीर्घ सहवासातून विवाह गृहीत धरण्याची वाटही त्यांना उपलब्ध नाही.

समारोप

‘सखाराम बाइंडर’मध्ये स्वातंत्र्य देणारा करार न्याय देत नाही आणि न्यायाची आशा देणारी विवाहाची कल्पना लक्ष्मीला दुसऱ्या स्त्रीच्या विरोधात उभी करते. तेंडुलकरांनी यातून मार्ग सुचविलेला नाही; नाटककाराचे ते कामही नव्हे. भारतीय कायदा मात्र आजही या दोन टोकांतच अडकलेला दिसतो. संबंध विवाहासारखा असेल तर संरक्षण, नसेल तर सखारामच्या अटी.

तिसरी शक्यता कुंभारीच्या घरांत दिसते. तेथे स्त्रीला घर मिळाले ते कोणाची पत्नी म्हणून नव्हे, तर तिने आयुष्यभर वळलेल्या विड्यांच्या, म्हणजे श्रमाच्या आधारावर. श्रम आणि वाटा हाच हक्काचा पाया मानला, तर अविवाहित सहजीवनातील मालमत्तेचा प्रश्न पुष्कळसा सुटू शकेल. त्यासाठी वारसा कायद्यातील कलम १५ मध्ये सुधारणा, मुद्रांक व बेनामी कायद्यांत जोडीदाराचा समावेश आणि योगदानावर आधारित हिस्सा देणारी तरतूद, एवढी तीन पावले आवश्यक आहेत. ती पडेपर्यंत निदान मृत्युपत्राची माहिती विडी कामगारांच्या वसाहतीतील घराघरांत पोहोचविणे हे संघटना, विधी सेवा प्राधिकरणे आणि परिसरातील महाविद्यालये यांना सहज शक्य आहे. लक्ष्मीला परत येण्यासाठी सखारामच्या दाराशिवाय दुसरे दार नव्हते. आज ज्या स्त्रीला स्वतःचे दार आहे, ते तिच्या पश्चात कोणासाठी उघडे राहावे हे ठरविण्याचा अधिकारही तिचाच असला पाहिजे.